डोकेदुखीचं खापर नाकाच्या माथी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नाकाच्या ऑपरेशननंतर जुनाट डोकेदुखी कायमची थांबलेल्या रुग्णांविषयीचा लेख आपल्या आरोग्य पुरवणीत आला आणि माझा फोन वाजायला लागला. माझी सगळी नोकरी कान-नाक-घसा विभागाच्या ऑपरेशन थिएटरात परिचारिका म्हणून झाली, शेवटची काही वर्षं ड्रेसिंगच्या खोलीत. त्यामुळे नात्यातले, ओळखीतले लोक असल्या बाबतीत मलाच गाठतात. सगळ्यांचं म्हणणं एकच: ‘माझ्याही नाकाचं हाड वाकडं आहे म्हणतात, डोकंही दुखतं, मग टाकू का उरकून?’ एकेकाला सांगून घसा बसला, म्हणून आता लिहूनच पाठवते.

लेखातले रुग्ण खोटं बोलतात असं मला मुळीच म्हणायचं नाही. अशी माणसं मी पाहिली आहेत, त्यांच्या ऑपरेशनला हत्यारं माझ्याच हातून गेली आहेत. पण थिएटरात उभं राहणाऱ्याला एक बाजू दिसते आणि ड्रेसिंगच्या खोलीत बसणाऱ्याला दुसरी. लेखात पहिलीच तेवढी आली.

आधी त्या पहिल्या बाजूचं सांगते. एक बाई मला पक्क्या आठवतात. डोक्याच्या माथ्याखाली आणि एका डोळ्याच्या पाठीमागे त्यांना सतत दुखायचं. सर्दी नाही, नाक चोंदत नाही. चष्म्याचा नंबर बदलून झाला, मानेचे व्यायाम करून झाले. शेवटी सीटी स्कॅन केला, तेव्हा नाकाच्या पार मागे, कवटीच्या तळाशी जी स्फेनॉइड नावाची पोकळी (सायनस) असते, तिची एक बाजू गच्च भरलेली निघाली, आत पांढरे ठिपके. सर्जननी दुर्बिणीतून त्या पोकळीचं तोंड रुंद केलं आणि आतून हिरवट-तपकिरी, चिकट गोळा यायला लागला. बुरशीचा. सक्शनच्या नळीतून तो ओढला जाईना. चिमट्याने तुकडा काढायचा, सलाईनने धुवायचं, पुन्हा तुकडा. मास्कमधूनही वास येत होता. बुरशीवरचं औषध बाईंना लागलं नाही. बुरशी पोकळीतच साचून असते, मांसात शिरलेली नसते, तेव्हा गोळा काढून वाट मोकळी केली की काम होतं. ड्रेसिंगला आल्या तेव्हा त्यांचा चेहराच वेगळा दिसत होता. दुखण्याला कारण होतं, ते एका जागी होतं, डोळ्यांनी दिसत होतं आणि काढता येत होतं.

अशी उदाहरणं आणखीही आहेत. वरच्या दाढेच्या मुळाशी पू होऊन तो गालामागच्या पोकळीत उतरतो आणि एकाच नाकपुडीतून घाण वास येतो. भुवईवरच्या पोकळीचा रस्ता बुजलेल्या माणसाचं कपाळ विमान खाली उतरताना सुरी खुपसल्यासारखं दुखतं. नाकात मांस वाढून महिनोन्‌महिने घट्ट शेंबूड घशात उतरतो, वासच येत नाही. या सगळ्यांत नाक स्वतःची तक्रार स्वतः करत असतं. डोकेदुखी त्या तक्रारीच्या पाठोपाठ येते.

आता ड्रेसिंगची खोली. एक तरणाबांड मुलगा होता. नाकाचा मधला पडदा, लोक ज्याला हाड म्हणतात तो, खरोखरच वाकडा, एका बाजूने श्वास जवळजवळ नाहीच. पडदा सरळ केला. आत बसवलेल्या सिलिकॉनच्या पट्ट्यांचा टाका कापून मी त्या काढल्या, तेव्हा त्याने पहिला पूर्ण श्वास घेतला आणि चकित होऊन म्हणाला, ‘गार लागतंय!’ तो क्षण माझ्या कामातला सगळ्यात आवडता. काही महिन्यांनी तोच मुलगा परत आला. नाक उत्तम. डोकं मात्र पूर्वीसारखंच: एक बाजू ठणकायची, उजेड सहन व्हायचा नाही, उलटी झाली की जरा उतार, आणि दुसऱ्या दिवशी अंगातला जीव गेल्यागत. ही अर्धशिशी, म्हणजेच मायग्रेन. ऑपरेशनच्या आधी कोणी विचारलं असतं तर तेव्हाही त्याने हेच सांगितलं असतं. पण अर्धशिशीच्या वेळी त्याचं नाक चोंदायचं, डोळ्यांतून पाणी यायचं, म्हणून घरच्यांनी, शेजाऱ्यांनी आणि केसपेपरनेही एकमताने नाकालाच धरलं.

असं का होतं, हे आमच्या विभागातल्या शिकाऊ डॉक्टरांच्या वर्गात मागच्या बाकावर बसून मी ऐकलं आहे. कपाळ, डोळे, गाल, दात, नाकाचं आतलं अस्तर आणि मेंदूवरचं आवरण या सगळ्यांची संवेदना मुख्यतः एकाच मज्जातंतूकडून जाते, ट्रायजेमिनल. अनेक खोल्यांत बटणं आणि घंटा मात्र एकच, अशी ती व्यवस्था. घंटा वाजली हे कळतं, कुठल्या खोलीतून ते कळत नाही. शिवाय हा मज्जातंतू अर्धशिशीत चेतवला गेला की त्याच्या प्रतिक्रियेने नाकातल्या रक्तवाहिन्या फुगतात, पाणी सुटतं. म्हणजे चोंदलेलं नाक हे पुष्कळदा डोकेदुखीचं कारण नसून तिचाच एक भाग असतो.

आणि हा अपवाद नाही. २००४ साली अमेरिकेत एक पाहणी प्रसिद्ध झाली. ‘मला सायनसची डोकेदुखी आहे’ असं स्वतः सांगणारे किंवा डॉक्टरांनी तसं सांगितलेले २,९९१ लोक त्यात होते, पण जंतुसंसर्गाची लक्षणं नसलेले. त्यातल्या ८८ टक्क्यांची लक्षणं मायग्रेनच्या गटात बसली. २००७ साली दुसऱ्या अभ्यासात अशाच १०० जणांना नीट तपासलं. ६३ जणांना मायग्रेन, आणखी २३ जणांना बहुधा मायग्रेन. खरोखर सायनसच्या संसर्गाने डोकं दुखणारे निघाले ३. लेखात यातला एक आकडा आला असता तरी माझे निम्मे फोन वाचले असते.

लेखात एका गोष्टीवर भर होता, तिच्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण तिथे सगळं काळं-पांढरं नाही. नाकाच्या पडद्याला कधीकधी आत काट्यासारखा उंचवटा असतो आणि तो बाजूच्या भिंतीवरच्या मांसल घडीला टेकतो. दोन अस्तरं एकमेकांना दाबतात आणि ते दुखणं कपाळात, डोळ्याच्या कोपऱ्यात जाणवतं, असं म्हणतात. यात तथ्य नाही असं नाही. १९४३ साली डोकेदुखीचे अमेरिकन संशोधक वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी माणसांच्या नाकात वेगवेगळ्या जागी सळईने टोचून दुखणं कुठे जाणवतं ते टिपलं होतं. पोकळ्यांच्या आतलं अस्तर फारसं बोलेना. पोकळ्यांची तोंडं आणि त्या मांसल घड्या मात्र चांगल्याच दुखल्या, आणि दुखणं टोचलं तिथेच न राहता चेहऱ्यावर इतरत्रही गेलं.

पण असे टेकलेले काटे डोकं कधीच न दुखलेल्या माणसांच्या नाकातही सापडतात. काहींचं दुखणं तर काट्याच्या विरुद्ध बाजूला असतं. म्हणूनच आंतरराष्ट्रीय डोकेदुखी संघटनेने २०१८ च्या वर्गीकरणात हा प्रकार मुख्य यादीत न घेता परिशिष्टात ठेवला आहे, म्हणजे अजून पुरावा हवा. २००४ च्या आवृत्तीतही तो परिशिष्टातच होता, पण तिथले निकष मला आवडायचे, कारण ते रुग्णालाही पडताळून बघता येतात. दुखत असतानाच त्या जागी बधिर करणाऱ्या औषधाचा कापूस ठेवायचा. ५ मिनिटांत दुखणं थांबायला हवं. आणि ऑपरेशननंतर ७ दिवसांत डोकेदुखी जाऊन ती परत येता कामा नये.

कापसाची ही चाचणी मी कितीतरी वेळा लावली आहे. कापसाची पातळ पट्टी औषधात भिजवून, पिळून, दुर्बिणीतून बघत नेमक्या जागी सरकवायची, दोरा गालावर चिकटवायचा आणि गप्प बसायचं. यात गप्प बसणं महत्त्वाचं. ‘आता बरं वाटतंय ना?’ असं विचारलं की निम्मे लोक हो म्हणतात. आमचे एक ज्येष्ठ सर्जन मुद्दाम काहीच विचारत नसत, रुग्ण आपणहून काय सांगतो ते लिहून घेत. कधी औषधाऐवजी साधं सलाईन लावून बघत. डोकं दुखत नसताना ही चाचणी करणं मात्र व्यर्थ, आणि नेमकं तेच सर्रास होतं, कारण रुग्ण तपासणीला येतो तो बरं असलेल्या दिवशी.

स्कॅनच्या कागदाचंही असंच. ‘पडदा डावीकडे झुकलेला, अस्तर किंचित जाड’ हे वाक्य वाचून माणसं हबकतात. अहो, अगदी सरळ पडदा शोधून सापडायचा नाही! साध्या सर्दीनंतरही अस्तर काही आठवडे जाड दिसू शकतं. शिवाय नाकाच्या दोन बाजू आळीपाळीने फुगतात आणि ओसरतात, दर काही तासांनी, निरोगी माणसातसुद्धा. स्कॅनच्या वेळी ज्या बाजूची पाळी असेल ती बाजू भरलेली दिसणार. स्कॅन हा सर्जनचा नकाशा आहे, रस्ता कुठून काढायचा यासाठी. जायचं की नाही हे नकाशा ठरवत नाही.

ऑपरेशनला मी नावं ठेवतेय असं कोणाला वाटू नये. नोकरीच्या सुरुवातीला मी कॉल्डवेल-ल्यूक पद्धत पाहिली आहे. अमेरिकेतल्या कॉल्डवेलने १८९३ साली आणि फ्रान्समधल्या ल्यूकने १८९७ साली वेगवेगळी मांडलेली. वरचा ओठ उचलून हिरडीवर छेद द्यायचा, हाडाला खिडकी पाडायची आणि गालामागच्या पोकळीचं सगळं अस्तर खरवडून काढायचं. रुग्णाचा गाल सुजून टम्म, पुढे कित्येक महिने बधिर. मग ऑस्ट्रियात ग्रात्स इथे मेसरक्लिंगर यांनी दाखवून दिलं की या अस्तरावरचे सूक्ष्म केस शेंबूड सतत ढकलत असतात, तेही पोकळीच्या नैसर्गिक तोंडाकडेच. खाली नवं भोक पाडलं तरी शेंबूड त्याला वळसा घालून वर चढतो. तेव्हा अस्तर खरवडू नका, बुजलेलं तोंड मोकळं करा. त्यांचे शिष्य श्टामबर्गर आणि अमेरिकेतले केनेडी यांनी ही दुर्बिणीची शस्त्रक्रिया जगभर नेली. १९८५ च्या सुमारास तिला ‘फेस’ (FESS, इंग्रजी नावाची आद्याक्षरं) हे आजचं नाव मिळालं. बाहेर एकही टाका नाही, रुग्ण पुष्कळदा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी. हा बदल मी डोळ्यांसमोर घडताना पाहिला आहे आणि त्याचं मोल जाणते.

पण ‘दुर्बिणीने, बिनटाक्याचं’ म्हणजे किरकोळ, हा समज लेखानेही पक्का केला. म्हणून थिएटरातल्या दोन गोष्टी सांगते, ज्या भुलीतल्या रुग्णाला कधी दिसत नाहीत. इतर ऑपरेशनांत चेहरा झाकतात, पण इथे दोन्ही डोळे मुद्दाम चादरीबाहेर ठेवतात. का, तर डोळा आणि नाक यांच्यामधलं हाड कागदाइतकं पातळ असतं. आत हत्यार चालू असताना डोळा हलतो का, सुजतो का, यावर कोणीतरी नजर ठेवायची. आणि दुसरी म्हणजे सलाईनची वाटी. नाकातून काढलेला तुकडा शंका आली तर तीत टाकायचा. अस्तराचा तुकडा बुडतो. तरंगला तर ती डोळ्याभोवतीची चरबी असू शकते, आणि मग थिएटरात कोणी बोलत नाही. वरच्या बाजूला नाकाचं छप्पर आणि त्याच्यावर लगेच मेंदू असतो, तिथे इजा झाली तर मेंदूभोवतीचं पाणी नाकातून गळतं. पडद्याच्या ऑपरेशनात पडद्यालाच भोक पडू शकतं, दोन भिंती आतून चिकटू शकतात, वरचे पुढचे दात काही काळ बधिर राहतात. मांसल घड्या हावरटासारख्या कापल्या तर नाक आतून मोकळं ढाकळं असूनही माणसाला श्वास पुरत नाही असं वाटत राहतं. ते हाल मी पाहिलेत, आणि त्यावर सोपा इलाज नाही. जाणत्या हातात मोठी इजा क्वचित होते. पण क्वचित होणारी इजा पत्करायची तर पदरात काय पडणार हे माहीत नको का?

माझं म्हणणं एवढंच आहे. ऑपरेशन नाकाचं होतं आणि वचन डोक्याचं दिलं जातं. संमतीपत्रावर भुलीचा धोका लिहिलेला असतो, रक्तस्रावाचा असतो, डोळ्याचासुद्धा असतो. पण ‘हे ऑपरेशन नाक मोकळं करण्यासाठी आहे, डोकेदुखी जाईल, कमी होईल की तशीच राहील हे सांगता येत नाही’ ही ओळ मी एकाही कागदावर वाचली नाही. ती हाताने लिहून घ्यावी, रुग्णाच्या भाषेत, सर्जनच्या सहीखाली. नाक चोंदतं म्हणून ऑपरेशन करून घेणाऱ्याला नाक मोकळं मिळालं की तो समाधानी असतो, डोकं जरा हलकं झालं तर तो वरचा नफा. फक्त डोकं दुखतं, नाक ठीक आहे, अशा माणसाला टेबलावर घेण्याआधी डोकेदुखीच्या जाणकार डॉक्टरांनी एकदा बघावं. ज्यांना मी चांगले सर्जन मानते, ते स्वतःच तसे पाठवत. ‘आधी मायग्रेनची गोळी चालते का बघून या, मग नाकाचं बघू’ असं सांगून त्यांनी परत पाठवलेले काही रुग्ण पुन्हा आलेच नाहीत, आणि सर त्यावर खूश असायचे.

डोकेदुखीच्या डॉक्टरांकडे पाठवताना रुग्णाच्या हाती कोरी वही द्यावी. कधी दुखलं, किती वेळ, कुठल्या बाजूला, उजेड नकोसा झाला का, मळमळ होती का, नाकातून काय आलं, पाण्यासारखं की पिवळं घट्ट, पाळीच्या आसपास होतं का, कुठली गोळी घेतली. शेवटचा रकाना सगळ्यात बोलका. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, ट्रिप्टान (मायग्रेनवरच्या खास गोळ्या) किंवा मिश्र गोळ्या १० किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून अधिक चाललं की गोळ्यांमुळेच डोकं दुखायला लागतं. नाक मोकळं करणाऱ्या थेंबांचंही तसंच, चार-पाच दिवसांच्या पुढे ते नाक आणखी चोंदवतात. यातला कुठलाच आजार हत्याराने बरा होत नाही.

नाक खरोखर दुखणाईत असेल, म्हणजे चोंदणं किंवा घट्ट स्राव १२ आठवड्यांच्या पुढे गेला, तरीही पहिली पायरी मिठाच्या पाण्याने धुणं आणि स्टेरॉइडचा फवारा हीच. पाणी उकळून गार केलेलंच हवं, नळाचं थेट नको. फवारा ‘मारून बघितला, फरक नाही’ म्हणणाऱ्याला मी माझ्यासमोर मारायला लावायचे. बहुतेक जण मान मागे टाकून, उजव्या हाताने उजव्याच नाकपुडीत, सरळ पडद्यावर मारतात. औषध घशात जातं आणि पडद्यातून रक्त येतं. मान किंचित पुढे, उजव्या नाकपुडीला डावा हात, टोक डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे, जोरात ओढायचं नाही. आणि दोन दिवसांत फरक मागायचा नाही, काही आठवडे लागतात.

एवढं वाचून कोणी दुखणं अंगावर काढू नये, म्हणून हेही लिहिते. सर्दीबरोबर डोळा सुजला, एकाचे दोन दिसू लागले, कपाळावर मऊ सूज आली, तापात मान ताठ झाली, किंवा आयुष्यात कधी दुखलं नाही असं डोकं एकाएकी दुखलं, तर वही-फवारा बाजूला ठेवून त्याच दिवशी रुग्णालय गाठावं.

पुरवणीसाठी पुन्हा कधी ऑपरेशन झालेल्यांच्या मुलाखती घेतल्या, तर आपल्या प्रतिनिधीला एक विनंती. पट्ट्या नुकत्या निघालेल्या रुग्णांना गाठू नका, तेव्हा सगळेच खूश असतात. ऑपरेशनला वर्ष उलटलेल्यांना शोधा. आणि नाक कसं आहे आणि डोकं कसं आहे, हे दोन वेगळे प्रश्न विचारा.

आपली नम्र,
एक निवृत्त परिचारिका